पडद्यावरच्या आज्या: एका प्रयोगाचा हिशेब

२००९ साली ब्रिटनमधल्या 'द गार्डियन' या वर्तमानपत्रात एक साधंसं आवाहन आलं. ज्यांच्या घरी ब्रॉडबँड आणि वेबकॅम आहे, त्यांनी आठवड्यातला एक तास भारतातल्या मुलांशी स्काइपवर गप्पा मारण्यासाठी द्यावा. शिकवायचं काही नाही, फक्त बोलायचं, गोष्ट वाचून दाखवायची, मुलं काय करतात ते पाहायचं. आवाहन करणारे होते न्यूकॅसल विद्यापीठातले प्राध्यापक सुगत मित्रा. सुमारे दोनशे माणसांनी तयारी दाखवली. त्यांत निवृत्त शिक्षिका बऱ्याच होत्या, पण काही पुरुष होते आणि नातवंडं नसलेली तरुण माणसंही होती. तरीही उपक्रमाला नाव पडलं ते 'ग्रॅनी क्लाउड', म्हणजे आज्यांचा ढग. (क्लाउड हा शब्द इथे इंटरनेटच्या अर्थाने.)

वर्गात व्हिडिओ कॉल वापरण्याचे प्रयोग तेव्हापासून आजवर खूप झाले. त्यांतला हाच अभ्यासासाठी निवडण्याचं कारण असं की, पडद्यावरच्या माणसाने काय करायचं आणि काय करायचं नाही, याचा विचार इथे आधी झाला होता. आपल्याकडे २०२० च्या टाळेबंदीत घाईने झूम आणि गूगल मीट आलं, तेव्हा फळ्यासमोरचा तास जसाच्या तसा पडद्यावर गेला. शिक्षक बोलत राहिले, मुलं आवाज बंद करून बसली. आज्यांच्या प्रयोगात नेमकं उलटं होतं. तिथे बोलायचं काम मुलांचं होतं.

हे आवाहन अचानक सुचलेलं नव्हतं. २६ जानेवारी १९९९ ला दिल्लीतल्या कालकाजी भागात सुगत मित्रांनी एका भिंतीत संगणक बसवला होता. शेजारच्या वस्तीतली मुलं कोणी न शिकवता तो चालवायला शिकली, ही गोष्ट जगभर गाजली. पण पुढचा प्रयोग त्याहून महत्त्वाचा आहे आणि त्याच्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. तमिळनाडूतल्या कालिकुप्पम या त्सुनामीचा तडाखा बसलेल्या गावात दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसमोर जैवतंत्रज्ञानाचं इंग्रजीतलं साहित्य ठेवलं गेलं. मुलं तमिळ बोलणारी, विषय महाविद्यालयीन पातळीचा, शिक्षक कोणी नाही. काही आठवड्यांनी चाचणी घेतली तेव्हा मुलांना सुमारे ३० टक्के गुण मिळाले. शून्याच्या जवळून तीसवर येणं म्हणजे कमाल, पण गाडी तिथेच अडली.

मग त्या मुलांच्या ओळखीच्या, त्यांच्याशी खेळणाऱ्या एका तरुणीला मदतीला घेतलं. तिला जैवतंत्रज्ञान येत नव्हतं. तिने फक्त मुलांच्या मागे उभं राहायचं, आणि घरातली आजी करते तसं कौतुक करायचं, विचारायचं. हे कसं केलंस? पुढे काय होतं? मला तर तुझ्या वयाची असताना हे जमलंच नसतं. आणखी काही आठवड्यांनी गुण ५० टक्क्यांच्या आसपास पोचले. मित्रा आणि रितु डांगवाल यांचा हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच मुलांच्या स्वयंशिक्षणाच्या मर्यादांचा उल्लेख आहे. भिंतीतल्या संगणकाला ज्याची उणीव होती, ते म्हणजे रस घेणारं माणूस.

असं माणूस प्रत्येक गावात मिळेलच असं नाही. मग ते लांबून आणता येईल का? व्हिडिओ कॉलची गरज इथून निर्माण झाली. हैदराबादमधल्या मुलांना सुगत मित्रांनी विचारलं होतं की स्काइप कशासाठी वापरायला आवडेल. मुलं म्हणाली, ब्रिटिश आज्यांनी आम्हाला परीकथा वाचून दाखवाव्यात.

एक तास कसा चालायचा

पडदा म्हणजे बहुतेक वेळा भिंत. प्रोजेक्टरने आजीची प्रतिमा जवळजवळ माणसाच्या आकाराची केलेली असे. हा तपशील वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. लॅपटॉपच्या पडद्यावर बोटभर चेहरा दिसला की पुढची तीन मुलं बोलतात आणि मागची आपसात खेळतात. भिंतीवर माणूसभर बाई बसलेली दिसली, की ती खोलीत आहे असं वाटू लागतं.

आजीकडे पाठ्यपुस्तक नसे. ती चित्रांचं पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरून वाचायची, कागदाच्या घड्या घालून पक्षी करायची, एखादं गाणं म्हणायची, आपल्या खिडकीबाहेरचा बर्फ दाखवायची, किंवा एखादा प्रश्न टाकून मुलांना इंटरनेटवर शोधायला सोडायची. आवाज गेला की कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कागद कॅमेऱ्याला लावायचा. चित्र गोठलं की चॅटमध्ये टाइप करायचं. खेड्यातलं इंटरनेट अडखळतच चालायचं, त्यामुळे या युक्त्या रोजच्या होत्या. मला यातला एक फायदा लक्षणीय वाटतो. आवाज गेल्यावर मुलांना इंग्रजी वाचावं लागायचं, आणि उत्तर द्यायचं तर लिहावं लागायचं. तेही परीक्षेसाठी नाही, समोरचं माणूस वाट बघतंय म्हणून.

या आज्यांची जुळवाजुळव हे स्वतंत्र काम होतं, आणि ते बराच काळ पुण्याच्या सुनीता कुलकर्णी यांनी सांभाळलं. कोण कोणत्या केंद्राशी, कोणत्या वारी, किती वाजता बोलणार. नवीन माणसाला काय सांगायचं. कॉल लागलाच नाही तर मुलांची आणि आजीची दोघांचीही समजूत कशी घालायची. तंत्रज्ञानाच्या बातम्यांत या कामाचं नाव येत नाही, पण ते थांबलं तर उपक्रम आठवडाभरही टिकत नाही. शाळेत व्हिडिओ कॉल सुरू करू पाहणाऱ्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की तुमच्याकडे हे काम कोण करणार आहे?

फलटणचं केंद्र

२०१३ मध्ये सुगत मित्रांना 'टेड' या व्याख्यानं भरवणाऱ्या संस्थेचा पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा. त्यातून सात ठिकाणी 'स्कूल इन द क्लाउड'ची, म्हणजे मुलांनी मिळून इंटरनेटवर शोध घ्यायची आणि आज्यांशी बोलायची, केंद्रं उभी राहिली, दोन इंग्लंडमध्ये आणि पाच भारतात. भारतातल्या पाचांपैकी एक आपल्या सातारा जिल्ह्यातल्या फलटणला, प्रगत शिक्षण संस्थेच्या कमला निंबकर बालभवन या मराठी माध्यमाच्या शाळेत.

फलटणची निवड मला फार समर्पक वाटते. ज्यांच्या नावाने ही शाळा आहे त्या कमलाबाई मूळच्या अमेरिकेतल्या एलिझाबेथ लंडी. त्या भारतात आल्या आणि इथे ऑक्युपेशनल थेरपीचं, म्हणजे आजारी वा अपंग माणसाला रोजची कामं करता यावीत यासाठीच्या उपचारांचं, शिक्षण त्यांनी रुजवलं. संस्थेच्या संस्थापक मॅक्सीन बर्नसन याही अमेरिकेत जन्मलेल्या. फलटणच्या बोलीवर त्यांनी भाषाशास्त्राचं संशोधन केलं, अमेरिकी विद्यार्थ्यांना मराठी शिकवलं, आणि वंचित वस्तीतल्या मुलांना वाचता का येत नाही या प्रश्नामागे लागून शाळा उभी केली. परक्या मुलखातलं माणूस आपल्यात बसून आपली भाषा, आपलं जगणं समजून घेतंय, हे या गावाने पडदा येण्याच्या कितीतरी आधी पाहिलेलं होतं.

शाळेची आणखी एक जमेची बाजू होती. मुलाने प्रश्न विचारणं, चुकत बोलणं, आपल्या शब्दांत सांगणं हे तिथे रोजचंच. पडद्यावरच्या आजीने 'तुला काय वाटतं?' असं विचारलं, तर तो प्रश्न अशा शाळेतल्या मुलाला नवा नसतो. 'हाताची घडी, तोंडावर बोट' अशा वर्गात हाच प्रश्न मुलांना गोंधळात टाकतो. अशा वर्गात कॉलचे पहिले काही आठवडे केवळ गप्प बसण्याची सवय मोडण्यात जातात, आणि यंत्र चांगलं असूनही उपक्रम फसला असं मुख्याध्यापकांना वाटू लागतं. म्हणून एका शाळेत जमलेलं दुसऱ्या शाळेत उचलून ठेवता येत नाही.

भाषेचा मुद्दाही इथलाच. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पण मराठी माध्यमाच्या मुलाला वर्षभरात इंग्रजीतून स्वतःचं काही सांगायची वेळ किती वेळा येते? पाठांतर, प्रश्नोत्तरं, रिकाम्या जागा. सांगायलाच हवं असं माणूस समोर नसतं. वर्गातल्या बाईंना मराठी येतं हे मुलांना ठाऊक असतं, मग त्यांच्याशी इंग्रजीत बोलणं म्हणजे नाटक. पडद्यावरच्या बाईंना मराठी खरोखरच येत नाही, आणि मुलाकडे त्यांना ठाऊक नसलेलं काहीतरी खरोखरच असतं.

मी हे एका जिल्हा परिषदेच्या शाळेत जवळून पाहिलं. सहावीचा वर्ग, पलीकडे ब्रिटनमधल्या एक निवृत्त शिक्षिका. सुरुवातीला जे व्हायचं तेच झालं. एकेक जण उठून 'माय नेम इज', 'आय लिव्ह इन' म्हणून बसत होता. बाई हसून मान हलवत होत्या, पण संवाद असा काही नव्हता. तेवढ्यात त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या एका मुलीकडे गेलं. ती मांडीवर हरभऱ्याचा ढाळा ठेवून गुपचूप घाटे सोलून खात होती. बाईंनी विचारलं, व्हॉट आर यू ईटिंग? मुलगी घाबरली. तिला वाटलं, आता बोलणी बसणार. वर्गशिक्षिकेकडे बघून म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगा ना यांना."

वर्गशिक्षिका म्हणाल्या, "मी नाही. तुला विचारलंय, तूच सांग."

मुलीने ढाळा उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. हरभरा, ती म्हणाली. पलीकडच्या बाईंनी असं हिरवं झाड कधी पाहिलं नव्हतं. मागून एक मुलगा शब्दकोश चाळून ओरडला, चिकपी, चिकपी! बाईंचा विश्वास बसेना, त्यांच्या माहितीतलं चिकपी डब्यातलं आणि पिवळसर. मग वर्ग उठलाच. हे वाळलं की ते होतं, हे सांगायला दोघं पुढे आली. आणि हावळा कसा करतात ते सांगायला चौघं. शब्द कमी, हात जास्त. फायर. पुट. ब्लॅक. हँड ब्लॅक, माउथ ब्लॅक. ईट. पलीकडून बाईंनी तेच नीट वाक्यात म्हटलं, सो यू रोस्ट इट ऑन द फायर? मुलगी म्हणाली, येस, रोस्ट. पुढच्या पाच मिनिटांत 'रोस्ट' शब्द त्या वर्गात निदान वीसदा वापरला गेला. भुईमुगाच्या शेंगा रोस्ट, कणीस रोस्ट, वांगं रोस्ट.

त्या तासातला सगळ्यात कौशल्याचा क्षण माझ्या मते पडद्यावर घडला नाही. 'मी नाही, तूच सांग' हाच तो क्षण. वर्गशिक्षिकेने तिथे भाषांतर केलं असतं, तर दोन मोठ्या बायकांची छान ओळख झाली असती आणि मुलं प्रेक्षक राहिली असती. व्हिडिओ कॉलच्या तासात स्थानिक शिक्षकाला काम नसतं हा समज चुकीचा आहे. त्याला जास्त अवघड काम असतं. कुठे मदत करायची आणि कुठे अडवून धरायची, हे त्याला क्षणाक्षणाला ठरवावं लागतं.

जिथे अडलं

आता दुसरी बाजू. सातपैकी एक केंद्र पश्चिम बंगालमध्ये सुंदरबनातल्या कोराकाटी गावात होतं. तिथे जायला नदी ओलांडावी लागते. विजेसाठी सौरपॅनेल बसवावी लागली, इंटरनेटचा सिग्नल पकडायला उंच मनोरा उभारावा लागला. एवढं करून जोडणी भरवशाची झाली नाही. ज्या ठिकाणी लांबच्या शिक्षकाची गरज सर्वांत जास्त, त्याच ठिकाणी त्याला आणण्याचा रस्ता सर्वांत कच्चा. कोणी हलगर्जी केली म्हणून हे घडलं असं मी म्हणणार नाही. दमट हवा, खारं वारं, दुरुस्तीच्या माणसाचा लांबचा प्रवास, हे सगळं आधीच माहीत असतं. पण प्रकल्पाचा पैसा उभारणीसाठी मिळतो, चौथ्या वर्षीच्या बॅटरीसाठी मिळत नाही. आपल्या जिल्हा परिषद शाळांमधल्या लोकवर्गणीच्या स्मार्ट टीव्हींचंही हेच होतं, हे कुणाही केंद्रप्रमुखाला विचारा.

याबाबतीत संशोधक पायल अरोरा यांनी २०१० मध्ये लिहिलेला लेख प्रत्येकाने विचारात घ्यायला हवा. भिंतीतल्या संगणकाची केंद्रं त्यांनी उत्तराखंडात अल्मोडा आणि हवालबाग इथे जाऊन पाहिली, तेव्हा ती बंद पडलेली होती. शाळेशी, शिक्षकांशी, गावातल्या माणसांशी ज्याचं नातं नाही ते यंत्र बंद पडलं तर कुणाचंच अडत नाही. ही टीका भिंतीतल्या संगणकावर होती, पण व्हिडिओ कॉललाही ती तितकीच लागू पडते. कॉल बंद झाला तर कुणाला चुकल्यासारखं वाटेल? उत्तर 'मुख्याध्यापकांना, कारण अहवाल द्यायचाय' एवढंच असेल, तर उपक्रम संपल्यात जमा आहे.

परिणामांचा हिशेबही सांभाळून मांडायला हवा. या केंद्रांमध्ये मुलांचं इंग्रजी वाचन आणि आकलन, इंटरनेटवर शोध घेण्याचं कौशल्य आणि आत्मविश्वास यांच्याकडे लक्ष ठेवलं गेलं, आणि प्रकल्पाच्या मांडणीत चित्र आशादायक आहे. पण केंद्र चालवणारे आणि मोजणारे यांच्यात फार अंतर नव्हतं. आणि वाचन सुधारलं ते आज्यांमुळे, संगणकामुळे, की आठवड्यातून काही तास मोकळ्या खोलीत सवंगड्यांबरोबर शोधाशोध करायला मिळाली म्हणून, हे वेगळं काढणं कठीण आहे. मी स्वतः कॉलच्या बाजूचा आहे. तरीही कॉलने गणित सुधारतं किंवा गळती थांबते असं कुणी सांगू लागलं, की मी पुरावा मागतो.

आणखी एक आक्षेप वारंवार येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. भारतातल्या गरीब मुलांना शहाणं करायला पुन्हा गोऱ्या आज्याच का? मला यात तथ्य वाटतं, विशेषतः छायाचित्रांत आणि बातम्यांत हा उपक्रम ज्या थाटात मांडला गेला त्याबद्दल. पण पद्धतीत ब्रिटनची अट कुठेही नाही. लांबचं, रस घेणारं, मुलांच्या जगाबद्दल खरोखर अनभिज्ञ असलेलं माणूस हवं. माण तालुक्यातल्या मुलांना समुद्र ठाऊक नाही आणि वर्सोव्याच्या कोळीणबाईंना दुष्काळातल्या चारा छावणीतली जनावरं ठाऊक नाहीत. त्यांचा तास मराठीतच होईल, आणि तरी दोन्हीकडे सांगण्यासारखं पुष्कळ असेल. निवृत्त एसटी वाहक, पंढरीची वारी केलेली आजी, भंडाऱ्यातला भातशेतकरी, गडचिरोलीतली परिचारिका, नैरोबीत किंवा लंडनमध्ये स्थायिक झालेलं मराठी कुटुंब: ही आपली आज्यांची यादी होऊ शकते. इंग्रजीसाठी इंग्रजी बोलणारं माणूस लागेल हे खरं, पण कॉल फक्त इंग्रजीच्या तासालाच का? परिसर अभ्यास आणि भूगोल यांना तर त्याची जास्त गरज आहे.

व्यवहाराच्या गोष्टी

ज्या शाळांना हे करून पाहायचंय त्यांच्याशी बोलताना माझा भर सातत्यावर असतो. दर आठवड्याला नवा पाहुणा आणला की मुलं पुन्हा 'माय नेम इज'पासून सुरुवात करतात. तीच व्यक्ती, तोच वार, पंधरा-वीस मुलांचा तोच गट असा किमान एक सत्रभर हवा. तिसऱ्या-चौथ्या भेटीत आजी विचारते, तुझ्या म्हशीला रेडकू झालं का? तिथून पुढे तास आपोआप चालतो. मागच्या वेळचं आठवणीत ठेवणं हे पाहुण्याचं काम आहे, आणि वर्गशिक्षकाने कॉलआधी त्याला दोन ओळी लिहून पाठवल्या तर ते सोपं जातं.

आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्यावं. पत्र्याच्या छपराखाली, उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो आणि पलीकडच्या माणसाला गोंगाटच ऐकू येतो. मुलांच्या मधोमध ठेवलेला एक साधा बाहेरून जोडायचा माइक आणि खाली अंथरलेली सतरंजी यांनी जो फरक पडतो, तो महागड्या कॅमेऱ्याने पडत नाही. खोलीत ओळखीचं मोठं माणूस कायम असावं. एकट्या मुलाला पडद्यासमोर बसवू नये, आणि पालकांना विचारल्याशिवाय कॉल रेकॉर्ड करू नये. मुलांचे फोटो व्हॉट्सअॅपच्या गटांवर फिरवण्याचा मोह तर टाळायलाच हवा.

कोणतं अॅप, हा प्रश्न गौण आहे. हा सगळा प्रयोग ज्यावर उभा राहिला ते स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं. ज्या शाळांनी आपला वार, आपला गट आणि आपलं पलीकडचं माणूस सांभाळलंय, त्यांना दुसरं काहीतरी उघडून पुढे जाता येतं.

वेळेचं मात्र नीट बघावं. पाहुणा ब्रिटनमधला असेल तर हिवाळ्यात आपण साडेपाच तास पुढे असतो आणि उन्हाळ्यात साडेचार. तिकडची घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतात. दुपारी तीनचा तास एकदा त्यांच्या सकाळच्या साडेनऊला पडतो, एकदा साडेदहाला. ऑक्टोबरचा बदल नेमका दिवाळीच्या सुट्टीच्या आगेमागे येतो. सुट्टीहून आलेली मुलं सतरंजी टाकून बसतात आणि पडदा रिकामा राहतो. म्हणून या दोन रविवारांच्या आधीच्या कॉलमध्येच पुढच्या तासाची वेळ दोन्ही घड्याळांत ठरवून फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी. मुलांना पृथ्वीच्या फिरण्याबद्दल आणि प्रमाणवेळेबद्दल विचारायला तो दिवस तसाही चांगला असतो.